हप्ता नंतर, आधी पायलटचं कलम

पत्राचा सारांश: वाचक फोंडा तालुक्यातले, वय 58. 28 वर्षं जहाजांवर काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. पंचावन्नाव्या वर्षी विमान चालवायला शिकले. खासगी पायलटचा परवाना आहे, आजवरचे तास 118. आता चार आसनांचं एक जुनं सेसना 172 घ्यायचं ठरतंय, किंमत 75 लाख. ते बेळगावला हँगरात ठेवायचं आणि जमेल तेव्हा गोव्यातल्या मोपा विमानतळावर आणायचं, असा बेत. विम्याची तीन कोटेशनं आली आहेत. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त यांत जवळजवळ दुपटीचा फरक. ब्रोकर म्हणतो, किंमत 50 लाख दाखवा, हप्ता आणखी उतरेल. लंडनमधला जुना शिपमेट म्हणतो, विमा इथूनच काढ. परदेशात कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण घेऊन आलेला भाचाही विमान उडवणार. मित्र इंधनाचे पैसे वाटून घेणार. पत्नीचा विरोध आहे; चवथीला जमलेल्या नातेवाइकांसमोर त्या म्हणाल्या, "हौसेपायी घरावर नांगर फिरवणार हे." वाचक विचारतात: "मी वर्षाला 40 तासांहून जास्त उडणार नाही, आणि जन्मात कधी निष्काळजीपणा केलेला नाही. विमा कागदोपत्री हवा तेवढाच. मग सर्वांत स्वस्त घेतला तर बिघडलं कुठे?"

नमस्कार.

तिन्ही कोटेशनांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. प्रत्येकावर शेवटच्या आकड्याभोवती तुम्ही निळ्या पेनाने गोल केलाय. मी दुसरं पान वाचलं. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये पायलटच्या ओळीत लिहिलंय: एकूण अनुभव किमान 250 तास. तुमचे 118. म्हणजे ज्या कागदावर तुम्ही भाळलात, त्यात तुम्ही स्वतः ते विमान उडवणं बसतच नाही. हप्ता भराल, पॉलिसी घरी येईल, फाइलला लागेल. आणि तुम्ही डाव्या, म्हणजे पायलटच्या, खुर्चीत बसून चाकं जमिनीवरून उचललीत की विमान विम्याविना हवेत. ते इतकं स्वस्त का, याचं उत्तर त्याच ओळीत आहे.

मधल्या कोटेशनची गंमत वेगळी. त्यात विमानाच्या नुकसानीचा विमा आहे, जमिनीवरच्या लोकांना होणाऱ्या नुकसानीचाही आहे, पण प्रवाशांची जबाबदारी नाही. चार आसनांचं विमान, आणि तुमच्याशिवायच्या तीन आसनांवर कुणाला काही झालं तर विमा गप्प. आणि सर्वांत महाग वाटलेल्या कोटेशनमध्ये तुमचं नाव आहे, तुमचे 118 तास आहेत, फक्त अट अशी की पहिले काही तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडायचं. ही अट जाचक वाटून तुम्ही बाजूला सारलीत असा माझा अंदाज आहे. मला तिन्हींत तीच एक ओळ माणसाने लिहिलेली वाटली. तुम्ही कोण, किती उडला आहात, हे तिथे कुणीतरी वाचलंय.

पणजीत एका विमा कार्यालयात मी वर्षानुवर्षं मरीनची, म्हणजे जहाजांच्या विम्याची, फाइल सांभाळली. मालिम जेटीवरचे ट्रॉलर हे रोजचं काम, विमानांच्या फाइली बोटांवर मोजण्याइतक्या. पण तुमच्यासारख्या तारवटी, म्हणजे जहाजावरच्या, माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण जहाजाच्या मालकाचे दोन वेगळे विमे तुम्ही आयुष्यभर पाहिलेत: जहाजाच्या लोखंडाचा आणि मशिनरीचा एक, आणि जहाजामुळे इतरांचं जे नुकसान होईल त्यासाठी पी अँड आय क्लबचा दुसरा. विमानाच्या पॉलिसीत हे दोन्ही एकाच पुस्तिकेत असतात. जगभर वापरला जाणारा लंडनचा नमुना, एव्हीएन 1सी, तीन भागांत आहे: पहिल्यात विमानाचं नुकसान, दुसऱ्यात जमिनीवरचे तिऱ्हाईत, तिसऱ्यात प्रवासी. आपल्याकडच्या पॉलिसींची भाषाही बरीचशी तीच. तुमचं सगळं पत्र पहिल्या भागाबद्दल आहे. माझी काळजी पुढच्या दोन भागांची.

विमान गेलं तर तुमचे 75 लाख जातील. वाईट, पण त्या आकड्याला तळ आहे. मित्राच्या मुलाला काही झालं, किंवा उतरताना एखाद्या घरावर गेलात, तर त्या आकड्याला तळ नाही. जीविताची भरपाई ठरवताना त्या माणसाची कमाई मोजली जाते. तुमचे मित्र आखातात आणि जहाजांवर कमावणारे. म्हणून ब्रोकरला पहिला प्रश्न हप्त्याचा विचारू नका. तिऱ्हाइतांची आणि प्रवाशांची मर्यादा किती, ती एका अपघातासाठी आहे की पूर्ण वर्षासाठी, आणि दोन्ही मिळून एकच की वेगवेगळी, हे विचारा. ही मर्यादा वाढवायला किती पडतं तेही विचारा. अनेकदा वाढीव मर्यादेचे पैसे विमानाच्या किमतीवरच्या हप्त्याच्या मानाने किरकोळ निघतात.

आता 50 लाखांचा डाव. हा सल्ला मोटारीच्या विम्यातून आलाय, आणि तिथेही तो शहाणपणाचा नसतो. विमानाच्या पॉलिसीत बहुतेक वेळा 'ॲग्रीड व्हॅल्यू' असते: विमान पूर्ण गेलं तर ठरलेली रक्कम मिळते, घासाघीस नाही. समजा तुम्ही 50 लाख लिहिलेत आणि एका आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीबाहेर गेलं. पंख, नाकाचं चाक, इंजिन मिळून दुरुस्ती 40 लाखांची. दुरुस्ती करायची की पूर्ण रक्कम देऊन मोकळं व्हायचं, ही निवड पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीची असते. 40 लाख खर्चून, सहा महिने सुट्या भागांची वाट बघण्यापेक्षा ती तुम्हाला डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुमचा वाटा, वजा करून 50 देईल आणि मोडकं विमान कागदपत्रांसकट स्वतःकडे घेईल. त्यातले चालू रेडिओ, न बिघडलेला पंख, सगळं तिचं. तुमच्या हातात 50 लाखांहून कमी, आणि बाजारात तसं विमान 75चं. उलटही करू नका. सव्वा कोट लिहिलंत तर जे विमान खरं तर भंगारात जायला हवं, ते कंपनी डागडुजी करून परत तुमच्या दारात उभं करेल. बाजारभाव लिहा, आणि तो कशावरून ठरवलात त्याचा कागद जोडा.

तुमच्या पत्रातलं "जन्मात निष्काळजीपणा केलेला नाही" हे वाक्य मला पटतं. पण त्याचा क्लेमशी संबंध तुम्हाला वाटतो तितका नाही. एकदा नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरबरोबर मी गोव्याबाहेरच्या एका धावपट्टीवर गेले होते. उतरताना नाकाचं चाक मोडलं होतं, प्रोपेलर जमिनीला घासून दोन्ही पात्यांची टोकं मागे वळली होती, उन्हात वाळत घातलेल्या बांगड्यासारखी. मालक पुन्हा पुन्हा त्या पात्यांवरून हात फिरवत होते. सर्व्हेअरने तिकडे पाहिलंही नाही. हँगरातल्या प्लॅस्टिकच्या टेबलावर पेपर पसरून तो म्हणाला, लॉगबुकं आणा, परवाना आणा, मेडिकल आणा, एआरसी आणा. एआरसी म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचा तपासणी दाखला, जो वर्षाला नवा करावा लागतो. तो 11 दिवसांपूर्वी संपला होता. नूतनीकरणाचा अर्ज भरून तयार होता, त्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली. मालक अतिशय काळजीवाहू माणूस, विमानावर धूळ बसू न देणारा. क्लेम नाकारला गेला, आणि तो नाकारणाऱ्या कार्यालयात मी बसत होते, हे मला अजून आठवतं.

त्या 11 दिवसांचा चाक मोडण्याशी काही संबंध नव्हता. पण पॉलिसीत अट असते की मालकाने उड्डाणयोग्यतेचे सगळे नियम पाळावेत, लॉगबुकं अद्ययावत ठेवावीत आणि मागितल्यावर दाखवावीत. तेव्हा घरच्या कॅलेंडरवर चार तारखा लाल पेनाने लिहा: एआरसी, तुमचं मेडिकल, परवान्याची मुदत, विमा. ज्या पेनाने हप्त्याभोवती गोल केलात ते राहू द्या.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून एक गोष्ट दोन ओळींत. प्रोपेलर जमिनीला लागला की लायकमिंगसारखं इंजिन उघडून तपासावं लागतं. अपघाताने झालेलं नुकसान विमा देतो. उघडल्यावर जी झीज दिसेल ती तुमच्या खिशातून. झीज, हळूहळू वाढणारा गंज आणि एखाद्या भागाचा आपसूक बिघाड हे विम्याबाहेर. त्या भागामुळे पुढे अपघात झाला तर बाकीच्या विमानाचं नुकसान मिळू शकतं, पण तो भाग नाही. या हिशेबाने विमान बेळगावला ठेवण्याचा तुमचा निर्णय उत्तम. किनाऱ्यावर उघड्यावर उभं केलेलं ॲल्युमिनियम खारा वारा दोन पावसाळ्यांत खातो, आणि गंजाचा क्लेम करता येत नाही. विकत घेण्याआधी स्वतंत्र इंजिनिअरकडून पंखांच्या सांध्यांतला गंज तपासून घ्या. तुम्ही स्वतः तपासू नका. प्रेमात पडलेल्या माणसाला गंज दिसत नाही.

आता भाचा. तुम्ही लिहिलंय, "तो माझ्यापेक्षा जास्त तास उडलाय, विमा कंपनीला उलट बरंच वाटेल." कंपनी तास नंतर मोजते, आधी परवाना बघते. त्याचं परदेशी लायसन्स डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडून भारतीय परवान्यात बदलून झालेलं नाही, असं तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर ओझरतं आलंय. तोवर भारतात नोंदलेलं व्हीटी अक्षरांचं विमान त्याने पायलट म्हणून उडवलं तर ते विम्याच्या आधी कायद्यात बसत नाही. घरच्या पोराला नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. पण तुम्ही त्याला जहाजाच्या इंजिन रूममध्ये सर्टिफिकेटशिवाय वॉच दिला असतात का? परवाना हातात आला की त्याचं नाव पॉलिसीत पायलट म्हणून एन्डॉर्स करून, म्हणजे जोडून, घ्या, लेखी. आणि तो पुढे एअरलाइनमध्ये लागला तरी या विमानावरचे त्याचे तास वेगळे विचारले जातील.

मित्रांचे इंधनाचे पैसे. खासगी नोंदणीचं विमान भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरता येत नाही, आणि खासगी परवान्याच्या पायलटला पैसे घेऊन उडता येत नाही. पॉलिसीत 'वापर' या रकान्यात 'खासगी' लिहिलेलं असेल आणि त्याबाहेरचा वापर झाला तर विमा लागू होत नाही. तुम्ही म्हणाल, चार मित्र, वाटणी, त्यात धंदा कसला? बरोबर आहे, चहाच्या टेबलावर. पण अपघातानंतर कुणीतरी तुमच्या खात्यात यूपीआयने आलेले तीन हजार रुपये आणि त्यापुढे लिहिलेलं "मोपा ट्रिप" वाचेल, आणि ते वाचणारा तुमचा मित्र नसेल. मित्रांना न्या, त्यांच्याकडून मानकुराद आंब्यांची पेटी घ्या, पैसे घेऊ नका.

लंडनच्या शिपमेटला माझा नमस्कार सांगा, पण विमा तिथून काढू नका. भारतातल्या मालमत्तेचा, आणि भारतात नोंदलेल्या जहाजाचा वा विमानाचा विमा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी कंपनीकडे काढायला आपल्या विमा कायद्याची बंदी आहे. त्याच कायद्याचं आणखी एक कलम, 64 व्हीबी, लक्षात ठेवा: हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. "कव्हर झालं, चेक उद्या द्या" असं ब्रोकर फोनवर म्हणाला तर उद्याच उडा. तसंही लंडन तुम्हाला इथे बसल्या भेटेल. भारतीय कंपन्या मोठी जोखीम पुनर्विम्याने, म्हणजे स्वतःचाच विमा काढून, पुढे सरकवतात; त्यासाठी जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी आहे, लंडनसारखी बाहेरची बाजारपेठही आहे. म्हणूनच एकाच विमानाची माहिती चार ब्रोकरांना देऊन बाजारात फिरवू नका. तीच जोखीम चार हातांनी आणि चार वेगवेगळ्या आकड्यांनी आली की अंडररायटर, म्हणजे जोखीम तोलून हप्ता ठरवणारा, बिचकतो. विमानांचं काम करणारा एक ब्रोकर निवडा, त्याला लेखी मँडेट (तुमच्या वतीने बोलायचा अधिकार) द्या आणि तीन-चार कंपन्यांकडे त्यालाच जाऊ द्या. कोटेशनांची तुलना करताना 18 टक्के जीएसटी धरून की सोडून, तेवढं एकदा बघा. तुमच्या तीनपैकी एकात तो धरलेलाच नाही.

पावसाळ्यात ट्रॉलर दोन महिने, 1 जून ते 31 जुलै, बंदीमुळे जेटीला बांधलेले असतात, तसं तुमचं विमानही बहुधा हँगरातच असेल. काही पॉलिसींत सलग ठरावीक दिवस विमान उभं राहिलं तर हप्त्याचा काही भाग परत मिळतो. याला ले-अप रिटर्न म्हणतात, आणि तो आधी लिहून घ्यावा लागतो. दुरुस्तीसाठी उभं असलेले दिवस त्यात धरत नाहीत. पण जमिनीवरचा विमा तेवढ्या काळात बंद करून पैसे वाचवायची कल्पना डोक्यातून काढा. 16 मे 2021 चा दिवस आठवतो ना? तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि गोव्यात झाडं, विजेचे खांब, छपरं लोळली. हवेत नसलेल्या विमानालाही वारा लागतो.

हँगरच्या करारात एक कलम हमखास असतं: "हँगरमालकाच्या कोणत्याही नुकसानीस विमानमालक जबाबदार राहील." सही करण्याआधी तो करार ब्रोकरला दाखवा. कायद्याने तुमच्यावर येणारी जबाबदारी विमा उचलतो, पण तुम्ही सहीने स्वतःहून ओढवून घेतलेली जादा जबाबदारी सहसा वगळलेली असते. मोपाच्या किंवा दाबोळी विमानतळाच्या कागदांनाही हेच लागू. दाबोळी नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथे कागद जास्तच असतील.

युद्धाचं कलम वाचून "आपल्याला काय करायचंय" म्हणत पान उलटू नका. त्या कलमात युद्धाबरोबर दंगल, संप आणि कुणी मुद्दाम केलेलं नुकसानही वगळलेलं असतं. कुणी रागाने रात्री टायर फाडले तर तेही त्यातच. हा भाग परत घेण्यासाठी वेगळा विमा असतो, भाव विचारून ठेवा.

शेवटी वहिनी. तुम्ही त्यांना अडथळा म्हणून मांडलंय. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याप्रमाणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. ज्या घरावर नांगर फिरेल असं त्या म्हणाल्या, ते अर्धं त्यांचं आहे. आणि तुम्ही घेणार आहात ते विमानही. म्हणजे चवथीला बोलल्या त्या भावी सहमालक. पॉलिसीत विमेदार म्हणून कुणाची नावं घालायची, हे सह्या करण्याआधी वकिलाला विचारून ठरवा, वहिनींना शेजारी बसवून.

शिवाय त्यांची भीती खरंच पैशाची आहे का, हे एकदा एकटे असताना विचारा. विमानाच्या पॉलिसीत विमान आहे, तिऱ्हाईत आहेत, प्रवासी आहेत. पायलट कुठे आहे? तुमची व्यक्तिगत अपघात पॉलिसी काढून वगळणुकींचं पान बघा: प्रवासी म्हणून विमानात बसणं चालतं, स्वतः उडवणं बहुतेकांत चालत नाही. आयुर्विम्याच्या अर्जात हा छंद लिहिलाय का? तेव्हा नव्हता, आता आहे. कंपनीला कळवा आणि पोच घ्या. विमानाच्या पॉलिसीला जोडून पायलटचा अपघात विमा मिळतो, त्याचा भाव तुमच्या कोटेशनांत कुणीच दिलेला नाही, कारण तुम्ही मागितला नाहीत. वहिनींनी कदाचित तोच आधी मागितला असता.

तर क्रम असा ठेवा: बयाणा देण्याआधी तपासणी आणि तुमच्या नावाचं, तुमच्या तासांचं पक्कं कोटेशन, दोन्ही हातात. खरेदीच्या करारात "योग्य विमा मिळाल्यासच" ही ओळ घाला. आणि सगळं जुळवून हप्ता, हँगर, एआरसी, इंजिनासाठी बाजूला टाकायचे पैसे यांची बेरीज वर्षाच्या 40 तासांनी भागा. तो आकडा फ्लाइंग क्लबच्या ताशी भाड्याच्या किती पट येतो ते बघा. तरीही घ्यावंसं वाटलं तर घ्या. हौसेची बेरीज अशी चुकलेलीच असते, मी त्यात पडणार नाही.

घेतलंत तर एवढं करा. जर्नी लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंदवही, विमानात लागतं, पण विमानाची, इंजिनाची आणि प्रोपेलरची लॉगबुकं विमानात ठेवू नका. आग लागली तर क्लेम आणि क्लेमचा पुरावा एकदम जळतो. ती फोंड्याला घरच्या कपाटात राहू द्या. आणि दर उड्डाणानंतर जर्नी लॉगच्या पानाचा फोटो काढून वहिनींच्या फोनवर टाका. त्या तासांचे रकाने वाचणार नाहीत. फोटो आला, म्हणजे तुम्ही खाली उतरलात, एवढंच त्या वाचतील.